एक चूल, एक तिकीट

आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या खालच्या मजल्यावर एक गढवाली गृहस्थ राहतात. दिवसा ते माझ्याच मंत्रालयात दुसऱ्या विभागात बसतात आणि उरलेल्या वेळात एका फुटबॉल क्लबचे सचिव असतात. आम्ही घरात त्यांना सचिवच म्हणतो. एका वर्षी त्यांचा क्लब वरच्या लीगमध्ये चढला. त्यामुळे सामन्यांसाठी फाटक आणि स्टँड असलेलं मैदान भाड्याने घेणं त्यांना भाग पडलं. तोवर त्यांचे सामने कुठल्याही उघड्या मैदानात होत. बघायला खेळाडूंचे मित्र, फिरायला आलेले काही म्हातारे आणि झाडाखाली डुलकी काढणारे रिक्षावाले. आता समोर सिमेंटचे दोन लांबलचक स्टँड उभे होते आणि त्यांत बसवायला माणसं नव्हती.

मी मंत्रालयात प्रसिद्धीचं काम बघते, म्हणून सचिव एका रविवारी आमच्याकडे आले. "मॅडम, पोस्टर के लिए दो लाइन लिख दो. ऐसी, कि पब्लिक खिंची चली आए."

मी चहा टाकायला उठले, तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले.

बाबांना दिल्लीत येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आई गेल्यावर मीच त्यांना नागपूरहून घेऊन आले होते. सगळी नोकरी टपाल खात्यात गेलेली, ओळखीच्या माणसांच्या गराड्यात. इथे त्यांना कुणी हाक मारणारं नव्हतं. सकाळी बुद्धवंदना, मग वर्तमानपत्र, मग बाल्कनीत उभं राहून खालच्या स्कूटरी बघणं. मी ऑफिसातून आले की ते दार उघडत आणि "आलीस?" म्हणत. मी गेल्यापासून त्यांनी उच्चारलेला तो पहिलाच शब्द आहे की काय, असं मला पुष्कळदा वाटे.

त्या रविवारी मात्र ते स्वतःहून येऊन खुर्चीत बसले आणि सचिवांना म्हणाले, "फुटबॉल? हम कामठी के हैं."

कामठी म्हणजे नागपूरच्या शेजारचं गाव. तिथे फुटबॉल गल्लीबोळात खेळतात हे दिल्लीतल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? पण सचिवांना ठाऊक होतं. ते खुर्चीच्या कडेवर सरकून बसले. पुढचा तासभर मला कुणी काही विचारलं नाही. चहा दोनदा झाला.

सचिवांची योजना साधी होती. सगळ्यांना फुकट पास वाटायचे, एकदा लोक आले की चटक लागेल. बाबांनी मान हलवली. "फुकट कशाला देऊन राहिले?" ते मला मराठीत म्हणाले. पण पास आधीच छापून झाले होते.

आम्ही ते वाटले. मी ऑफिसात वाटले, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहातही एक गठ्ठा ठेवून आले. कुणी नाही म्हटलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तर नणंदेसाठी, जावेसाठी असे जास्तीचे मागून घेतले. अतिथिगृहात उतरलेल्या लोकांनी पास नीट घडी करून खिशात ठेवले आणि आपापल्या कामांसाठी मंत्रालयांकडे निघून गेले. एकही पास उरला नाही, म्हणून सचिव खुशीत होते.

सामन्याच्या दिवशी खेळाडू बाहेर आले आणि त्यांनी स्टँडकडे बघितलं. आमच्या गोलकीपरने सचिवांना विचारलं, "सर, मैच आज ही है ना?"  आम्ही तिघं पहिल्या रांगेत बसलो. मागे सगळं सिमेंट रिकामं. चेंडूला लाथ बसली की आवाज भिंतीवर आपटून परत येई. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, तर शेजारच्या बाईंनी फाइलमध्ये खूण म्हणून तोच पास घातलेला होता.

बाबा सचिवांना टोचून काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांना वर बोलावलं, समोर चिवडा ठेवला आणि मराठी-हिंदी मिसळून आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. आजोबा कामठीला विड्यांच्या कारखान्यात होते. मोठा सामना असला की ते एक तिकीट काढत, आणि फाटकावरचा माणूस त्यांच्याबरोबरची पोरं मोजतच नसे. आत्याची पोरं, शेजाऱ्याची पोरं, सगळी त्या एका तिकिटावर आत. पण ते तिकीट काढलेलं असल्यामुळे आजोबा सकाळपासून घाई करत. जेवण लवकर, अंघोळ लवकर. "पैसा थोडा का असेना, गेला की माणूस निघतोच," बाबा म्हणाले. "आणि बाप निघाला की घर निघतं."

"मतलब फॅमिली टिकट," सचिव म्हणाले. "मियाँ, बीवी, दो बच्चे."

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही एकटी आणि मी एकटा. मग आम्ही घर नाही का?"

 बाबा जरा विचार करून म्हणाले, "जे एका चुलीवर जेवतात, ते एक घर. एक चूल्हा, एक टिकट. बाकी काही विचारायचं नाही."

"भाईसाहब, लोग पूरा मोहल्ला ले आएँगे!"

"मग आणू देत की! तुमचे स्टँड काय वाकणार आहेत?"

सचिव हसले. क्लबच्या समितीत त्यांनी ते कसं पटवलं कोण जाणे, पण पुढच्या सामन्याच्या पोस्टरवर मी 'एक चूल्हा, एक टिकट' एवढंच मोठ्या अक्षरांत लिहिलं. तिकीट उघड्या स्टँडचं, चहा-समोशाइतक्या किमतीचं. छताखालचा स्टँड समितीने पाहुण्यांसाठी आणि महागड्या तिकिटांसाठी राखून ठेवला. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही मी ते पोस्टर टाकलं.

त्या दिवशी बाबा फाटकावर उभे राहिले. कानटोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात तिकिटांचं पुस्तक. सचिवांनी त्यांच्याजवळ एक सुरक्षारक्षक दिला होता. येईल त्याला बाबा टपालखात्याच्या खिडकीवरच्या जुन्या आवाजात विचारत, "चूल्हा एक है?" लोक आधी चक्रावत, मग हसत. एका म्हाताऱ्या पंजाबी जोडप्यातली आजी म्हणाली, "एक ही है जी, पर बनाती मैं हूँ." एक बाप-लेक आले. एक मोठं एकत्र कुटुंब आलं, त्यात दोन सुनांमध्ये चूल एक की दोन यावरच वाद सुरू झाला. बाबांनी घाईघाईने सगळ्यांना एकच तिकीट देऊन आत ढकललं.

मग मानेसरच्या कारखान्यांतली पोरं आली. एक मोठा घोळका, सगळे तरुण, अंगात कंपनीची एकसारखी जॅकेटं. शेअर ऑटोने गुरुग्रामपर्यंत आणि तिथून मेट्रोने आलेले.

"चूल्हा एक है?" बाबांनी विचारलं.

पुढे असलेला मुलगा गंभीरपणे म्हणाला, "चूल्हा नहीं है अंकल, सिलिंडर है. छोटावाला. पण एकच आहे."

तो 'पण एकच आहे' ऐकून बाबांचा चेहरा बदलला. "कुठले रे तुम्ही?"

"मी लातूरकडचा, काका. हा ओडिशाचा. ते तिघं बिहारचे, तो झारखंडचा. एकाच खोलीत राहतो. शिफ्ट वेगवेगळ्या, म्हणून सगळे मावतो."

"स्वयंपाक कोण करतं?"

"ज्याची सुट्टी असेल तो."

सुरक्षारक्षक पुढे आला. "बाबूजी, ये फॅमिली थोड़े ही है."

"जिसकी छुट्टी वो पकाता है," बाबा त्याला हिंदीत समजावून म्हणाले, "ऐसा तो अच्छे-अच्छे घरों में नहीं होता." आणि त्यांनी एक तिकीट फाडून दिलं.

लातूरचा मुलगा संकोचला. "काका, दोन घेतो ना. भाड्यालाच एवढे गेले, तिकिटाला कशाला कंजुषी?"

"एक म्हणजे एक."

ती पोरं आत गेली आणि स्टँडला आवाज आला. फुटबॉलमधलं त्यांना किती कळत होतं कुणास ठाऊक. चेंडू कुठेही गेला तरी ती ओरडत. आमचा गोलकीपर ओडिशाचा होता. मागून कुणीतरी त्याच्या भाषेत काहीतरी ओरडलं तेव्हा तो चालू सामन्यात मागे वळून बघायला लागला. बचावातला खेळाडू त्याच्यावर खेकसला, तरी तो हसतच होता. आम्ही तो सामना हरलो. पण खेळाडू जाताना स्टँडपुढे येऊन टाळ्या वाजवून गेले. सचिव म्हणाले, हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

मला मात्र त्या दिवसातलं दुसरंच काही सलत राहिलं. कॅन्टोन्मेंटमधून जवानांच्या बायकांचा एक गट बसने आला होता. त्यात साताऱ्याकडची एक वहिनी होती, बरोबर मुलगी. नवरा सीमेवर. मी मराठी बोलते हे कळल्यावर ती माझ्याजवळच येऊन बसली. मध्यंतराच्या थोडं आधी तिने हळूच विचारलं, "ताई, बाथरूम कुठंय हो?"

मी शोधून आले. होतं एकच, पुरुषांचं, आणि त्याला धड दारही नव्हतं. मी परत येऊन तसं सांगितलं. वहिनी उठली, तिच्याबरोबर तिच्या सगळ्या जणी उठल्या आणि दुसरा अर्धा सामना न बघताच निघून गेल्या.

घरी येताना बाबा आनंदात होते. "बघ, तिकिटाचंच होतं सगळं," ते म्हणत होते. मी म्हटलं, "नाही बाबा." आणि त्यांना ते सांगितलं. ते रस्त्यातच थांबले. इतक्या बायका अर्ध्यातूनच का निघाल्या हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते तर फाटकावरच होते. त्यांना वाटलं, बस सुटायची वेळ झाली असेल.

मी वहिनीला फोन केला आणि पुन्हा याल का म्हणून विचारलं. ती मोकळी बाई होती. म्हणाली, "ताई, तिकीट फुकट करा नाहीतर सोन्याचं करा. दोन तास पाणी न पिता कोण बसंल?"

मैदानात प्रमुख पाहुण्यांसाठी एक खोली होती, सोफे आणि स्वच्छ बाथरूम असलेली. ती कायम कुलूपबंद. मी सचिवांना म्हटलं, सामन्याच्या दिवशी ती बायकांसाठी उघडा.

"मॅडम, चीफ गेस्ट आ गए तो?"

"चीफ गेस्ट गाडीने येतात. ते घरून जाऊन येतील."

सचिव लाजले. पण किल्ली दिली. पुढच्या पोस्टरवर मी तळाला एक ओळ वाढवली: महिलांसाठी स्वच्छ बाथरूमची सोय आहे. समितीतल्या एकांना ती ओळ खेळाच्या प्रतिष्ठेला शोभेशी वाटली नाही. मी ती काढली नाही. वहिनी परत आली, आणि या खेपेला बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती म्हणे.

मग थंडी कडाक्याची झाली. अधूनमधून हवा इतकी खराब होई की सामनेच पुढे ढकलले जात. पण जानेवारीत काही दुपारी स्वच्छ निघाल्या. दिल्लीत अशा दुपारी घरात कुणी बसत नाही. आमच्या क्वार्टरांच्या खालच्या हिरवळीवर सतरंज्या पडतात, स्वेटर विणायला निघतात, संत्री सोलली जातात. आमच्या उघड्या स्टँडवर दुपारभर ऊन असतं, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. छताखालच्या स्टँडमध्ये महागड्या तिकिटांची माणसं शालीत कुडकुडत बसत, आणि समोर आमच्या बायका उन्हात शेंगा फोडत. मी पोस्टरवर लिहिलं, 'धूप में बैठिए, फुटबॉल देखिए.'

त्या ओळीने माणसं आली. खेळासाठी आली असं मी म्हणणार नाही. ऊन खायला आली, लोकर-सुया घेऊन आली. आमच्या ब्लॉकमधल्या दोन केरळी बायका मैदानाकडे पाठ करून बसत, कारण ऊन पाठीला छान लागतं. पण शेजारी गोंगाट झाला की मान वळतेच. हळूहळू त्या वळूनच बसायला लागल्या. एकीने मला विचारलं, "वो लंबा लड़का आज क्यों नहीं खेल रहा?" तेव्हा मला कळलं की ही आता आमची झाली.

याच गर्दीमुळे भांडण झालं. छताखालचे पाहुणे एकेक करून उठून उन्हाच्या स्टँडमध्ये येऊ लागले. समितीने बैठक घेतली आणि ठरवलं की उन्हाच्या स्टँडला आता मागणी आहे, तर त्याचं तिकीट वाढवायचं. चुलीचं तिकीट बंद, माणशी एक तिकीट. ज्यांना ते परवडणार नाही त्यांनी छताखाली बसावं, तिथला दर थोडा उतरवला होता, पण तोही माणशीच.

"उन्हाचे पैसे?" बाबा म्हणाले. "क्लबने काय ऊन भाड्याने आणलं आहे?"

सचिव म्हणाले, मैदानाचं भाडं द्यायचं आहे, क्लब चालवायचा आहे, भाईसाहब. ते खोटं नव्हतं. बाबांनी वाद घातला नाही. तिकिटांचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि घरी आले.

पुढच्या सामन्याला ते गेले नाहीत. सकाळपासून तयार होऊन बसल्यासारखे दिसत होते, पण उठले नाहीत. मी एकटीच गेले. फाटकावर आता एक तरुण मुलगी होती, चांगली होती बिचारी, नव्या दरांचा फलक दाखवत होती. पंजाबी जोडपं दोन तिकिटं काढून आत गेलं. एकत्र कुटुंब फलक वाचून परत फिरलं. वहिनीने बसमधून उतरून हिशेब ऐकला, मला लांबूनच हात केला आणि आपल्या मैत्रिणींना घेऊन समोरच्या बागेत जाऊन बसली. मानेसरच्या पोरांनी नाणं उडवलं. जिंकले ते आत आले, हरले ते जाळीबाहेर उभे राहून बघत होते. गोल झाला की आतले ओरडत आणि लगेच बाहेरच्यांकडे बघत. आतून बाहेरच्यांना कुणी काहीतरी सांगे, आणि मग जाळीपलीकडून उशिरा आरोळी येई.

सामना आम्ही जिंकलो. माझ्याबरोबर निघालेले सचिव जाळीबाहेरच्या पोरांकडे वळून वळून बघत होते.

संध्याकाळी ते वर आले. बाबांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. सचिव नेहमीच्या खुर्चीवर न बसता उभेच राहिले. "भाईसाहब, कमिटी से ग़लती हो गई."

"कमिटी म्हणजे कोण?" बाबांनी विचारलं.

सचिव म्हणाले, "मैं."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेले. चहा मी करते म्हणून उठले, तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. आल्याचा वास बाहेर आला. मग आतूनच त्यांनी विचारलं, "क्लबला खरंच पैसे कमी पडून राहिले का?"

त्या संध्याकाळी दोघांनी बसून ते सोडवलं. पाहुण्यांनी उन्हात यायचं तर यावं, पण महागडं तिकीट काढूनच. त्यांच्यासाठी पहिल्या दोन रांगा आणि गाद्या. बाकी सगळं ऊन चुलीच्या तिकिटावर. आणि आत चहा-शेंगांचा ठेला क्लबनेच लावायचा. ऊन खायला आलेली माणसं तीन-तीनदा चहा पितात, हे बाबांनी फाटकावरून बघून ठेवलं होतं. ठेला मैदानाचं भाडं भरून काढण्याइतका चालला असं नाही, पण समितीचा आवाज बंद होण्याइतका चालला.

बाबा फाटकावर परतले त्या दिवशी पंजाबी आजीने त्यांना दामटून तिळगुळाची गजक खायला घातली. "कहाँ चले गए थे जी?" ती रागावून विचारत होती. बाबांना दिल्लीत कुणी असं रागावून विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या मोसमात क्लब ना वर गेला ना खाली. शेवटच्या सामन्याला वहिनी नवऱ्याला घेऊन आली. तो सुट्टीवर आला होता. उंच, शांत माणूस, कबड्डीवाला. त्याला फुटबॉलमधलं फार कळत नव्हतं. त्याची बायको उभी राहून रेफ्रीला "अहो, ऑफसाइड! दिसत नाही का?" असं शुद्ध मराठीत ओरडत होती आणि तो तिच्याकडे बघत होता. "ताई," तो मला म्हणाला, "ही अशी कधीपासून हो?" त्यांची मुलगी तोवर क्लबच्या मुलींच्या सरावाला जायला लागली होती. तिला गोलकीपर व्हायचं होतं, कारण गोलकीपरला हातमोजे मिळतात.

उन्हाळ्यात त्यांची ईशान्येकडे बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा वहिनीने बाबांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, बाबांनी पडू दिलं नाही. मुलीला त्यांनी हातमोज्यांची जोडी दिली. सचिवांच्या ओळखीच्या दुकानातून आणलेली, तिच्या हाताला जरा मोठीच.

पुढे एकदा वहिनीचा फोन आला. तिथे छावणीजवळच मैदान आहे, धो-धो पावसातही सामने होतात, आणि बायका पुढच्या रांगेत छत्र्या घेऊन बसतात, असं ती सांगत होती. त्यांची भाषा तिला कळत नाही, पण कुणी चेंडू वाया घालवला की त्या सगळ्या कपाळाला हात लावतात, तेवढं कळतं. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. चिखलात पोरगी चेंडू नीट पकडते का, उडी कोणत्या बाजूला मारते, असं बारीकसारीक विचारत ते बाल्कनीत गेले. खालून सचिव सरावाला चला म्हणून हाका मारत होते. बाबांनी त्यांना थांबायची खूण केली आणि बोलतच राहिले.